सायकलीला राखण म्हशीची

आमच्या सात पिढ्यांत म्हशीच्या चोरीचा आळ आलेला मी एकटाच. तोही म्हैस नको असताना, केवळ सायकल चोरीला जाऊ नये म्हणून!

सायकल लग्नातली. भर पंगतीत रुसून मिळवलेली. (मला रुसायला जमत नव्हतं, आत्यानं मागून चिमटा काढला तेव्हा चेहरा बरोबर झाला.) सासरे गारगोटीचे शेतकरी, बोलायला रोखठोक. कोल्हापुरात आले की लेकीच्या तब्येतीआधी विचारायचे, “सायकल हाय न्हवं?” सायकल गेली असती तर मला गारगोटीत तोंड दाखवता आलं नसतं.

आणि पन्नास सालच्या आसपास आमच्या पेठेतून सायकली पटापट नाहीशा होत होत्या. शेजाऱ्यांची तर मंडईतून गेली, मेथीची जुडी निवडेपर्यंत! मला चोरांचा राग कमी, कुतूहलच जास्त. कुलूप लावलेली सायकल नेतात कशी? उचलून? मग लोक हटकत नाहीत? एकदा मी स्वतःचीच कुलूपबंद सायकल खांद्यावर टाकून मंडईतून चालून पाहिलं. कुणी हटकलं नाही. उलट एका पैलवानानं “सरा की, पावण्यास्नी वाट द्या!” म्हणून गर्दी हटवली. तेव्हापासून माझी झोप उडाली.

हे मी मामांना (म्हणजे सासऱ्यांना) सांगितलं.

“नुसतं कुलूप काय करतंय, जावई? जनावर राखतासा तशी राखा की!”

पुढच्या खेपेला त्यांनी गोठ्यातली साखळी आणि भलीमोठी पितळी घंटा आणून दिली. “घंटा हँडलाला बांधा. कुणी हात लावला की बोंबलंल.”

पुढं एकदा मामा यायचे होते. कुणा गवळ्याकडं म्हैस बघून मग आमच्याकडं जेवण. पांढऱ्या रश्श्याला नारळ कमी पडले म्हणून सौ.नी मला संध्याकाळी गंगावेशीत पिटाळलं. तिथं गवळी म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध देतात. सायकल बांधायला खांब दिसेना, झाड दिसेना. दिसली ती एक म्हैस. शिंगं पसरलेली, डोळे लाल. लोक तिला वळसा घालून जात होते. मला सुचलं (मला काही सुचलं की घरातले घाबरतात), हिच्याजवळ यायची कुठल्या चोराची छाती आहे? गवळी शेजारच्या म्हशीच्या धारेत गुंतला होता. मी हळूच खुंटीपाशी वाकलो, म्हशीच्या साखळीतून माझी साखळी ओवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निर्धास्त मनानं नारळवाल्याकडं गेलो.

नारळ कानाशी हलवून बघतोय तोच घंटा वाजली! म्हशीचा धक्का लागून सायकल पडली होती. घंटेनं म्हैस बुजली आणि खुंटी उपटून आपल्या गोठ्याकडं सुटली. तिच्यामागं फरफटत सायकल, सायकलीमागं गवळी, गवळ्यामागं हातात दुधाचे ग्लास घेतलेली गिऱ्हाइकं आणि सगळ्यांत मागं नारळ सांभाळत मी.

“काय झालं हो?” एकानं पळता पळता विचारलं.

“सायकल गेली!”

“कुणी नेली?”

“म्हशीनं!”

“डबलशीट व्हय?”

गोठ्यात पोचलो तेव्हा म्हैस निवांत रवंथ करत होती. सायकलीच्या पुढच्या चाकाचा आठ झाला होता. गवळी माझी साखळी हातात धरून गरजत होता, “माझ्या म्हशीला कुलूप घातलंय कुणीतरी! किल्ली ज्याच्याजवळ घावंल त्योच चोर!”

मी नेमकी तेव्हाच किल्ली पुढं केली होती.

“दाव्याची साखळी घिऊन आलाय,” गर्दीतून एक जण म्हणाला. “तयारीचा गडी हाय!”

“मग सायकल कशाला आणली?”

“म्हस पळाली तर गाठाय नगं?”

“अहो, मी चोर नाही!” मी ओरडलो. “सायकल कुणी चोरू नये म्हणून म्हशीला बांधली होती!”

हे वाक्य मोठ्यानं ऐकल्यावर माझाच त्यावर विश्वास बसेना.

“पोलिसाला बलवा,” गवळी म्हणाला.

इतक्यात गोठ्याच्या ओसरीवरून एक पाहुणे उठले. मामा! बघायची म्हैस ती हीच, आणि ती धार देऊन परत यायची वाट बघत ते बसले होते. त्यांनी आधी चाक बघितलं, मग आपली साखळी ओळखली, घंटा ओळखली आणि अगदीच नाइलाज झाला तेव्हा मला ओळखलं.

“सोडा त्याला. जावई हाय माझा.”

“म्हणून चोर न्हाय व्हय?” गवळी म्हणाला.

“न्हाय. चोरी कराय अक्कल लागती!”

सगळा गोठा हसला. मी निर्दोष सुटलो. इतकी शरम मला चोर ठरूनही वाटली नसती.

मामांनी म्हैस तिथल्या तिथं ठरवली. “राखणीला चांगली हाय,” ते गवळ्याला म्हणाले. “एवढी उधळली, पर सायकल सोडली न्हाय तिनं.”

म्हैस त्या रात्रीपुरती आमच्या परसात बांधायची ठरली. आठ झालेली सायकल खांद्यावर घेऊन मी पुढं, माझ्यामागं म्हैस, तिच्यामागं मामा, अशी वरात निघाली. चौकात मामांच्या ओळखीच्या एकानं हटकलं, “काय पावणं, ब्येस हाय की! कशी घेतली?”

“म्हस रोखीनं घेतली,” मामा म्हणाले. “म्होरला सायकलीवर मिळालाय.”

दोघांत त्यांना महाग कोण पडलं, याचं मला फार कुतूहल वाटलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी ते दाबलं आणि म्हशीच्या पुढं चालत राहिलो.