काकांचं आजारवाटप

आख्ख्या घोडबंदर रोडवर आमच्या ऑफिसातल्या काकांइतका आजारांचा जाणकार माणूस नाही, आणि हे मी डॉक्टर धरून बोलतेय! गंमत म्हणजे काका स्वतः कधीच आजारी पडलेले नव्हते. एकोणीस वर्षांत एक सिक लीव्ह नाही. पण बाकी सगळ्यांचे आजार त्यांच्याकडून जायचे. झालं काय, आम्ही विम्याच्या तक्रारींचे फोन घेतो, आणि दर सोमवारी दहाला साहेब सगळ्यांना उभं करून कोणी किती फोन निपटवले ते मोठ्याने वाचतात, सगळ्यात कमीवाल्यापासून. म्हणून रविवारी संध्याकाळपासूनच काकांना मेसेज: 'काका, उद्यासाठी काहीतरी द्या ना.' एका दिवशी दोघांना एकच आजार नाही, हा काकांचा नियम, कारण एकदा पाच जणांनी न विचारता जुलाब कळवलेले आणि साहेबांनी महिनाभर कँटीनच बंद ठेवलेलं. "तुझ्या आवाजाला घसा शोभत नाही, तू कंबर घे." "मायग्रेन मागच्या आठवड्यात गेला, आता पंधरा दिवस नाही." मेसेजमध्ये 'सर' एकदाच लिहायचं, दोनदा लिहिलं की खोटं वाटतं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

मी एकदा विचारलेलं, "काका, सगळे सोमवारीच का पडतात, हे साहेबांना कळत नाही का?"

"कळतं गं. पण तसं कबूल केलं तर वाचन बंद करावं लागेल. त्यापेक्षा व्हायरल बरा."

आता माझं सांगते. माझं नोकरीतलं कन्फर्मेशन राहिलेलं, आणि तीन सुट्ट्या संपलेल्या. चौथी झाली की नोकरी गेली. त्यात त्या आठवड्यात सगळ्यात कमी फोन माझे. म्हणजे वाचनात पहिलं नाव माझंच. सोमवारी मानपाड्याच्या नाक्यावर कंपनीची बस आली, काका चढले, सगळे चढले, आणि माझा पायच उचलेना. काका खाली उतरले. "काय गं?"

"काका, एखादा आजार द्या ना."

"काय होतंय ते खरं सांग."

"काहीच नाही. पाय उचलत नाहीये."

काका परत चढलेच नाहीत. "याला आपल्याकडे आजार नाही," म्हणाले. बस गेलेली. मग त्यांनी मोबाइल काढला, एका बोटाने काहीतरी टाइप केलं आणि मला म्हणाले, "चहा पी. नऊच्या दुसऱ्या बसने जा."

"आणि वाचन?"

"आज वाचन नाही. वाचायची यादी मी सकाळी गेल्यावर बनवतो. आणि मी आजारी आहे."

मी पोचले तेव्हा साहेबांनी काकांच्या घरी फोन लावलेला, आणि काकू ओरडत होत्या, "आजारी? अहो, डबा घेऊन निघालेत की!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काय झालेलं विचारलं, तर इतक्या जणांना आजार पुरवणाऱ्या माणसाकडे स्वतःसाठी एक नव्हता. "बरं वाटत नव्हतं, साहेब. सोमवार होता." पुढच्या सोमवारी वाचन पुन्हा सुरू झालं. माझं नाव तेव्हा मधे कुठेतरी आलं.

मी कन्फर्म झाले. काका रिटायर झाले. आता रविवारी कोणाला कंबर, कोणाला घसा, काही ताळमेळच नाही. यादी मी बनवते. वाचन अजून आहे. पण नाक्यावर कोणी नुसतंच उभं राहिलेलं दिसलं, की काकांसारखं मलाही त्या सोमवारी बरं वाटत नाही.