धार न लावायचं पातं

कृष्णात आमच्या कारखान्यातला सगळ्यात चिडका माणूस, आणि त्याचं चिडणं मला शंभर टक्के पटतं. उचगावजवळ आम्ही दोघं लेसर मशीनवर काम करतो. धातूची बारीक पूड लेसरनं वितळवून दुसऱ्या धातूवर तिचा पातळ थर चढवायचा, हे आमचं काम. पंपाचे शाफ्ट वगैरे नेहमीचेच. कडबाकुट्टीच्या पात्यांची कल्पना मात्र एकट्या कृष्णातची.

पात्याच्या एकाच अंगाला थर द्यायचा. थर म्हणजे चिवट धातू आणि त्यात रुतलेले कठीण कण. मागचं पोलाद त्यामानानं मऊ. वैरण कापताना मऊ बाजू आधी झिजते, कठीण थर पुढं राहतो आणि धार आपोआप निघत राहते. म्हणून या पात्याला धार लावायचीच नाही. पण आमच्याकडच्या माणसाला हे सांगणं म्हणजे आंघोळ न करता लग्नाला जा म्हणण्यासारखं! ज्यांना पाती दिली त्या सगळ्यांनी ती ग्राइंडरवर दोन्ही अंगांनी घासून थर उडवला आणि वर आम्हालाच झापलं.

"पावणं, तुमचं कोटिंग टिकंना की!"

"आवो, घासू नका म्हणून सांगितलंतं न्हवं?" कृष्णात ओरडायचा.

"मग धार कोण लावणार, तुमचा लेसर?"

व्हय, लेसरच! डोकं फिरेल नाहीतर काय.

शेवटी आमचे मालक विजयसिंह वैतागले. हंगामभर वापरलेलं, पण धार न लावलेलं एक तरी पातं आणा, म्हणाले. कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघू. थर शाबूत दिसला तर पाती चालू, नाहीतर बंद. असलं पातं एकच उरलं होतं, कृष्णातच्या घरच्या कुट्टीचं. त्याचे वडील बाळासो म्हशी सांभाळतात. हत्यार बोथट दिसलं की त्यांना जेवण जात नाही. आपोआप निघालेली ती धार दिसायला ओबडधोबड, त्यामुळं म्हातारा रोज कुरकुरायचा. पण पोरानं शपथ घातली होती, म्हणून त्यांनी हात लावला नाही. मला त्यांचं खरंच कौतुक वाटायचं.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी कृष्णातबरोबर पातं आणायला गेलो. बाळासोंनी ते धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. कृष्णातनं फडकं उलगडलं. पातं लखलखत होतं, दोन्ही अंगांनी.

"आबा, हे काय केलंसा?"

"काल मंगळवार पेठेत गेलतो, धार लावून आणली. आतापतोर तुझं ऐकलं की. पण साहेबास्नी दावायचं म्हटल्यावर तसलं पातं कसं न्ह्याचं? लोक काय म्हंतील?"

मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन म्हशींकडे बघत उभा राहिलो. कृष्णात पातं परत फडक्यात गुंडाळून मागून आला.

तरीही आम्ही पातं कापलं, तुकडा घासून गुळगुळीत केला, भिंगाखाली धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं साधं पोलाद. "थर कुठाय?" विजयसिंहांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते निघून गेले. पात्यांचं काम दुपारीच बंद झालं.

संध्याकाळी आम्ही गेटबाहेर चहा घेत होतो. कृष्णात सगळ्या जगाला शिव्या घालत होता, तेवढ्यात बाळासोंचा फोन आला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय म्हणलं रं सायेब?"

कृष्णातनं कप खाली ठेवला.

"लई खूश झालं, आबा. म्हणलं, धार काय लावलीया!"