ऑर्व्हिलचा एकांत

ऑर्व्हिल स्कोगस्टाडला म्हणे जंगलाचं वेड. वणव्यावर नजर ठेवायला मोंटानाच्या डोंगरमाथ्यांवर पूर्वी बांधलेले लाकडी मनोरे वनखातं आता रात्रीच्या भाड्यानं देतं. जवळपासचा एकही त्यानं सोडला नव्हता. चर्चमध्ये प्रार्थना आटोपून कॉफी हातात आली की याचं सुरू, "काय तो एकांत! माणूस देवाच्या जवळ जातो."

देवाच्या जवळ जाणाऱ्या या माणसाचं पाणी खालच्या झऱ्यावरून त्याची बायको लव्हॉन चढवायची. पुढच्या पाहुण्यांसाठी लाकडं फोडून ठेवायची रीत असते, तीही तिनंच पाळायची. हा तोवर कठड्याला टेकून डोंगरांची नावं सांगणार, त्यातली निम्मी चुकीची.

या उन्हाळ्यात त्यानं नवीनच काढलं. गावातलं घर विकायचं आणि म्हातारपण जंगलातल्या खोपटात काढायचं, दोघांनीच. घर लव्हॉनच्या आईचं होतं, त्यामुळे सही तिची लागणार.

"अगं, मी आहे ना तुला!"

"एक रात्र वर राहून बघते, मग सांगते," ती म्हणाली. देवाला तिनं विचारलं होतं, पण देव अशा बाबतीत घाई करत नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी ते मनोऱ्यावर चढले. चहूबाजूंनी काचांची एवढीशी खोली. लोखंडी चूल, एक खाट आणि जाड काचेचे पाय लावलेलं स्टूल. विजा सुरू झाल्या की पूर्वीचा पहारेकरी त्यावर उभा राहायचा, वीज अंगातून जाऊ नये म्हणून. पहारेकरी एकटा, म्हणून स्टूलही एकच.

लव्हॉन पावात हॅम घालत होती, तोच आभाळ काळवंडलं. पहिल्याच कडकडाटाला ऑर्व्हिल टुणकन स्टुलावर! गुडघे पोटाशी घेऊन, फांदीवरच्या कोंबडीसारखा.

"चुलीला हात लावू नकोस, लव्हॉन!"

"मी कुठे जाऊ?"

"खाटेवर बस ना. लाकडी असेल ती."

ती लोखंडी होती. लव्हॉन खोलीच्या मधोमध हात जोडून उभी राहिली. आधी तिनं दोघांसाठी प्रार्थना केली. मग वाटलं, याची सोय झालेलीच आहे. उरलेली स्वतःपुरती केली.

वादळ सरलं. ऑर्व्हिल उतरला, कपाळ पुसलं.

"बघितलंस? उगाच घाबरतेस तू. जरा पाणी आणतेस? कॉफी करू."

तिनं कोट चढवला आणि गाडीची किल्ली उचलली.

"घर विकायचं नाही, ऑर्व्हिल."

"अगं, निघालीस कुठे? आणि मी?"

"सकाळी कुणाला तरी पाठवते तुला न्यायला."

ओल्या पायऱ्या ती कठडा धरून, सावकाश उतरली. वरून तो ओरडून विचारत होता, कॉफी नक्की कुठल्या डब्यात आहे.