चौथ्या खोलीची घरपट्टी

माझी मावशी शिवणकाम करायची आणि भांडायची, आणि दोन्ही कामं सारखंच मन लावून करायची. शाळेचे गणवेश, कोट, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते शिवायची. समोरच्या माणसावर एक नजर टाकली की तिला त्याचं माप कळायचं, आणि ती ते बोलूनही दाखवायची. मी कोर्टाबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज टाइप करून देते. मी दिसले की मावशी लांबूनच ओरडायची, "डावा खांदा उतरलाय तुझा, नीट बस." वीस वर्षं टायपिंग केल्यावर खांदा उतरला असेलही, पण ते चारचौघांत सांगायची काय गरज होती?

जास्तीचा एक छदामही कुणाला द्यायचा नाही, हा तिचा बाणा. दुकानदाराने काटा मारला, तर दुसऱ्या दिवशी घरचा काटा घेऊन ती त्याच्या दारात हजर. काका घड्याळं दुरुस्त करायचे. ते बोलायचेच कमी, त्यामुळे संसार निभावला. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि मावशी त्या घरात एकटी राहत होती. तीन खोल्या, एकीमागे एक. पुढे बसायची, मधे शिवणाची, मागे स्वयंपाकघर.

त्या वर्षी घरपट्टीची नवी नोटीस आली. नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट रक्कम. रांगेतल्या दोघांना बाजूला सारून मावशीने ती माझ्या टेबलावर आपटली.

"वाच," म्हणाली.

मी वाचलं. खोल्या चार. राहणाऱ्या व्यक्ती दोन. महिला, वय त्रेसष्ट. महिला, वय एकतीस. दुसरीच्या नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सांगितले नाही'.

"कुणाला ठेवून घेतलंस गं घरात, आम्हाला न सांगता?" मी म्हटलं.

मावशी हसली नाही. मला वाटलं, रकमेचा राग आलाय. असले घोळ मी रोज बघते. मयत माणसाच्या नावे नळ, न बांधलेला मजला, काय काय. मी पंधरा मिनिटांत हरकत अर्ज ठोकून दिला. अर्जदार एकटी राहते, घरात तीनच खोल्या आहेत, तरी आकारणी दुरुस्त व्हावी.

सुनावणी तीन आठवड्यांनी लागली. खोली लहान, खिडकी कपाटाने अर्धी झाकलेली. सुनावणीच्या बाई शांत आणि मुद्द्याचं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आमच्या गल्लीची मोजणी करणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं. किडकिडीत, दमलेला माणूस. त्याने आधीच कबूल करून टाकलं.

"दार बंद होतं, बाई. मला दिवसाला चाळीस घरं करायची असतात. दार वाजवायचं, बाहेरूनच विचारायचं, आतून सांगतील ते लिहायचं. सगळेच तसं करतात."

हे खरं होतं. माझा निम्मा धंदा त्यांच्या या सवयीवर चालतो.

"मग काय सांगितलं आतून?" सुनावणीच्या बाईंनी विचारलं.

"मी विचारलं, खोल्या किती? म्हणाल्या, चार. मी म्हटलं, बाहेरून तर तीनच वाटतात. तर म्हणाल्या, चौथी माझी आहे."

"कोण म्हणालं?"

"यांची मुलगी." त्याने मावशीकडे बोट केलं. "आई कापड आणायला गेलीय, असं म्हणाल्या. वय एकतीस सांगितलं. नाव विचारलं, तर म्हणाल्या अजून ठेवलं नाही. मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हणून मी 'सांगितले नाही' असं लिहिलं."

मी ताडकन उठले. मावशीला मूलबाळ नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि या माणसाला भर कचेरीत खोटं बोलायची लाज वाटत नव्हती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आवाज कसा होता?" तिने त्याला विचारलं.

त्याने थोडा विचार केला. "चांगला होता. जरा घाईतला. हातातलं काम टाकून आल्यासारखा."

सुनावणीच्या बाईंनी फेरमोजणीचा आदेश दिला आणि पुढची फाइल घेतली.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. आईने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, मावशीला एक मुलगी झाली होती. पूर्ण दिवसांची, पण रडलीच नाही. ते घर काकांनी तिच्यासाठीच घेतलं होतं. मुलगी मोठी होईल, तिला वेगळी खोली हवी, म्हणून चौथी खोली बांधायची ठरली होती. विटा येऊन पडल्या होत्या. काकांनी त्या आठवड्याभरात परत पाठवल्या.

"कधी?" मी विचारलं.

"तू तेव्हा दहा वर्षांची होतीस," आई म्हणाली. आईने हे सांगितलं तेव्हा मी एक्केचाळीसची होते. मला हिशेब करावाच लागला नाही.

फेरमोजणी भर दुपारी झाली. लख्ख ऊन होतं. या वेळी वरचे निरीक्षक आले. त्यांनी आधी घर बाहेरून मोजलं. रस्त्याकडच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत चव्वेचाळीस फूट. मग आतून तिन्ही खोल्या मोजल्या, भिंतींची जाडी धरली. तेहेतीस. त्यांनी कपाळ पुसलं आणि पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मी टेपचं टोक धरलं. चौथ्यांदा मावशीने त्यांच्या हातातली टेप काढून घेतली आणि गुडघ्यांवर रांगत स्वतः मोजलं. आयुष्यभर लोकांची मापं घेणाऱ्या या बाईने स्वतःच्या घराचं माप कधी घेतलंच नव्हतं.

"अकरा फूट," ती म्हणाली.

शिवणाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत दार आहे. चौकट नऊ इंच जाड. एक पाऊल टाकलं की माणूस या खोलीतून त्या खोलीत जातो. मी तिथून पाच-सहा वेळा ये-जा केली. नऊच इंच. अकरा फूट मावतील अशी जागा त्या घरात कुठेच नव्हती, आणि बाहेरून मोजलं की ती होती. निरीक्षक कागदावर आकडे लिहून चहा न घेता निघून गेले. मलाही तिथे थांबायचं नव्हतं, पण मावशीला एकटीला सोडायची लाज वाटली, म्हणून मी अंधार पडेपर्यंत थांबले.

दुसऱ्या सुनावणीत बाईंनी आमच्या बाजूने विचार केला होता. त्यांनाही ती फाइल टेबलावरून हलवायची घाई असावी. "मोजणीत काहीतरी चूक झाली असं आम्ही धरतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त लिहून द्या, की घरात तुमच्याशिवाय कुणी राहत नाही आणि चौथी खोली नाही. नोंद खोडून टाकू. पट्टी पूर्वीइतकीच."

कागद मी आदल्या दिवशीच टाइप करून आणला होता. मावशीसमोर ठेवला, पेन दिलं. आम्ही जिंकलो होतो.

मावशीने चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"खोडलं, की ती कुठे जाईल?" तिने विचारलं.

बाईंनी फाइलमधून मान वर केली.

"मावशी, सही कर," मी हळूच म्हटलं. "उगाच आयुष्यभर भरत बसशील."

"एकतीस वर्षांत तिचं नाव कुठेच लागलं नाही गं. जन्माच्या दाखल्यावर नाही, शाळेत नाही. एवढा एकच कागद आहे." तिने पेनाला टोपण लावलं. "माझा अर्ज मी मागे घेते."

मी तिच्यावर भयंकर चिडले. कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी तिला नको नको ते बोलले. वेड लागलंय तुला, म्हटलं. तिने एका शब्दाने उत्तर दिलं नाही, आणि मावशी भांडत नाही हे बघून मला जास्तच भीती वाटली.

त्यानंतर पाच वर्षं ती चार खोल्यांची पट्टी भरत राहिली. त्यासाठी जास्तीची कामं घेतली, डोळे खराब करून घेतले. आणि एक नवीन खूळ सुरू झालं. तो आवाज फक्त मावशी घरात नसताना यायचा. ती स्वतः बाहेर जाऊन, दाराला कान लावून तासन्‌तास उभी राहिली, पण तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग ती घराला कुलूप लावायची, कोपऱ्यावर जाऊन थांबायची आणि दुसऱ्या कुणाला तरी दार वाजवायला पाठवायची. पोस्टमनला, गॅसवाल्याला, कुणालाही. तो परत आला की विचारायची, काय म्हणाली? बरी वाटली का आवाजावरून? बहुतेक जण कानाला खडा लावून पुन्हा त्या गल्लीत हळू चालायचे नाहीत. पोस्टमन मात्र साधा माणूस. "बरी आहे," तो सांगायचा. "तुम्ही जेवलात का, विचारत होती." त्या दिवशी मावशी मशीनवर गुणगुणायची. मलाही तिने दोनतीनदा विनवलं. मी गेले नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही असं मी तिला सांगितलं. खरं तर माझी हिंमत नव्हती.

मावशी अडुसष्टाव्या वर्षी गेली, दवाखान्यात, दोन दिवसांत. घर तिने माझ्या नावे केलं होतं. महिन्याभराने मी नाव लावायला कर कार्यालयात गेले.

खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. "तुम्ही राहणार नाही ना तिथे? मग घर बंद दाखवा. बंद घराला निम्मी सूट आहे. राहणाऱ्या व्यक्ती शून्य, आणि खाली सही."

त्या रकान्यावर पेन टेकवून मी किती वेळ बसले कोण जाणे. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं. वीस-पंचवीस वर्षं मी लोकांच्या अर्जांखाली 'वरील माहिती खरी आहे' टाइप करत आले होते. मी फॉर्म उचलला आणि रिक्षा करून मावशीच्या घरी गेले.

दुपारचे तीन वाजले होते. किल्ली माझ्या हातात होती, पण मी ती लावली नाही. मी दार वाजवलं.

आत कुणीतरी घाईघाईने चालत आलं. पावलं दाराच्या पलीकडे थांबली.

"आई घरात नाहीये," आवाज म्हणाला. चांगला होता आवाज. मावशीचाच, पण न भांडलेला. "कोण आहे?"

पळून जावंसं वाटत होतं. "मी तुझी ताई," मी कसंबसं म्हटलं.

पावलं दाराच्या आणखी जवळ आली.

"ताई, आई कधी येईल? या वेळी फार दिवस लागले."

मी दारावर हात ठेवून रडले. तिला काय सांगणार होते? "मी आहे," एवढंच म्हणाले. "मी येत जाईन."

कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना मी खिडकीवर पोचले. राहणाऱ्या व्यक्ती एक. महिला, वय छत्तीस. मालकाशी नातं काय, असं कारकुनाने विचारलं, आणि मी सांगितलं, मावसबहीण.