कॅसेट पलटायची जागा

माझा मुलगा अंथरुनाला खिळला त्याला दुसरं वरीस लागलं. उजवी बाजू गेली, बोलनं गेलं. डोळे उघडे असतात, पन ते आढ्याला. मी पुढ्यात जाऊन हुभी राहिली तरी त्याला मी दिसत नाय.

दवाखान्यातली डॉक्टरीनबाय बोलली, "आजी, आता घरी न्या. बोलत जा त्याच्याशी. त्याच्या आवडीचं कायतरी कानावर पडू द्या. बघू या."

घरी आनला. मी बोलत बसली. गायीचं सांगितलं, ती तर कवाच विकलेली. त्याच्या बापाचं सांगितलं, त्यालाबी जाऊन बरीच वरसं झाली. भजनवाले बोलावले, ते चहा पिऊन गेले. हा आपला आढ्याकडंच.

त्याच्या आवडीचं काय ते मला ठावं होतं. पन ते माझ्याच हातानं मोडलेलं.

भातसानगरला धरनावर तो लागला तेव्हा मिशी नुकती फुटलेली. पंपावर ड्यूटी. तिथला एक साहेब बदलीवर गेला, जाताना याला आपला टेप नि डबाभर कॅसेटी देऊन गेला. सगळी परदेशी गानी. त्यातल्या एका बँडनं याला येडा केला. त्यांचं एकेक गानं एवढं लांब, का माझ्या भाकऱ्या व्हायच्या, कालवन व्हायचं, चूल इझायची, तरी त्यांचं आपलं चालूच. मधी गानारा गप व्हायचा, मंग नुसतं वाजवत बसायचे. मी बोलायची, "अरे, यांना घरदार हाय का नाय?"

त्याचा दोस्त होता, आसनगावचा. तोबी धरनावरच कामाला. रविवारी सायकल हानत यायचा, मंग दोघं ओसरीवर टेप मधी ठेवून बसायचे. सगळ्यात लांब गानं एका बाजूवर मावायचं नाय. ऐन रंगात येऊन खट् करून टेप थांबायचा. मंग माझा मुलगा न बघता कॅसेट काढायचा, डाव्या हातानं, आंगठ्यानं उलटी करायचा नि परत आत. तेवढ्यात दोघं शब्द बोलायचे नाय.

गानं संपलं का भांडन. त्या बँडातला मूळचा गानारा सोडून गेलेला, त्याच्यावरनं. माझा बोलायचा, "तो गेला तवाच बँड संपला." आसनगावचा बोलायचा, "मंग आपल्या गावची बेंजो पार्टी? पहिल्यातला एक तरी जिता हाय का? तरी लग्नाला तीच पार्टी बोलावतोस ना?"

"मी कुठं लग्न केलं?"

"तुझं लागलंय ना टेपासंगती! मावशी, सून गाते बघा कशी."

लग्न त्यानं केलंच नाय. मीबी फार मागं लागली नाय.

पुढं टेप बिघडला. दुरुस्तीवाला बोलला, पार्ट येत नाय. कॅसेटी डब्यात घालून माळ्यावर ठेवल्या. पाच-सहा वरसं कोनी हात लावला नाय.

मंग ते वरीस आलं. माझं हळवं भात, लवकर पिकनारं. आजूबाजूला सगळं हिरवं, माझंच पिवळं, म्हनून झाडून सगळी पाखरं माझ्याच शेतात. आमच्याकडं अशा येळी कॅसेटीची पट्टी ओढून काढतात नि या खुटीपासून त्या खुटीला तानून बांधतात. उन्हात चमकते, वाऱ्यात घुंऽ करते, पाखरू बसत नाय. सगळ्यांच्या शेतात बांधलेली. मला माळ्यावरचा डबा आठवला. मेलेल्या वस्तू, कोनाला पायजेत? सकाळी बसून एकेक कॅसेट फोडली नि सगळं शेत बांधून काढलं. पट्टी चांगली निघाली, तुटली नाय कुठं. मी तर खूश.

तो ड्यूटीवरनं आला, बांधावर आला. शेत चमकत होतं. त्याला कळलं. मला वाटलं आता आरडंल. तो खाली बसला, पट्टीजवळ कान नेला, नि बोलला, "आये, वाजतंय."

बस, एवढंच. मला कधी एका शब्दानं बोलला नाय. कापनी झाल्यावर मी पट्टी काठीला गुंडाळून ठेवली, पन ती पाऊस खाल्लेली, चुरगळलेली. आरडला असता तर बरं झालं असतं. मी काय बोलली नाय, त्यानं काय इचारलं नाय, नि तसंच ऱ्हायलं.

तर आता डॉक्टरीनबाय बोलते आवडीचं ऐकवा.

आसनगावचा दोस्त आला. त्याचेबी केस पिकलेले, गुडघे गेलेले. बोलला, "मावशी, आता कॅसेट कशाला? सगळं फोनात हाय. आमचा ग्रुप हाय, सगळे म्हातारे. रोज तेच उगाळतो, पहिला गानारा खरा का दुसरा." त्यानं गानं लावलं. मी मुलाच्या तोंडाकडं बघत बसली. काय नाय. दुसऱ्या रविवारी लावलं. काय नाय. चार रविवार झाले. दोस्त गानं चालू ठेवून बाहेर जाऊन रडून यायचा. मी रडली नाय. माझ्या मनात एकच, मी पंच्याहत्तरीला आली, हा असाच ऱ्हायला तर माझ्यामागं याच्या तोंडात घास घालनारं कोन?

कोनी सांगितलं नाय, माझं मलाच सुचलं. सुया नि बटनं मी त्यातल्याच एका फुटक्या कॅसेटीच्या डबीत ठेवते. ती रिकामी केली. आत माळ्यावर पडलेली, पट्टी नसलेली कॅसेट घातली नि त्याच्या डाव्या हातात दिली. बोटं मिटवली. बोलली, "धर. मीच फोडली ती. धर रे."

दोस्तानं ते सगळ्यात लांब गानं लावलं. गानारा गायला, गप झाला, वाजवनारे वाजवत ऱ्हायले. नि एका जागी माझ्या मुलाचा आंगठा हालला. डबी त्याच्या हातात उलटी झाली.

मला वाटलं झटका आला. दोस्त ताडकन हुभा ऱ्हायला. "मावशी! हितंच पलटायची! बरोबर हितंच!"

मी बोलली, "बंद कर. थांबव ते." त्यानं थांबवलं. मुलगा डबी वर धरून वाट बघत ऱ्हायला. खरंच वाट बघत. मंग परत चालू केलं तेव्हा त्याचा हात खाली आला.

डॉक्टरीनबायला सांगितलं. ती बोलली, "चांगलं हाय, आजी. पन फार आशा नका धरू." तिचं बरोबर निघालं. तेवढंच. त्याच्या पुढं काय नाय. मला अजून वळखत नाय. "मी तुझी आये" बोलते तर आढ्याकडं बघतो.

दोस्तानं जुना फोन देऊन ठेवला. कुठं दाबायचं ते शिकवलं. मी रोज दुपारी लावते, जागा आली का थांबवते, त्यानं पलटली का परत लावते. एकदा गानं चालू असताना नळ आला. धरन आमच्या उशाला, पन नळ तासभरच. मी हंडा घेऊन पळाली, जागा चुकली. परत आली तर फोन पुढं गेलेला, नि हा डबी पलटतोय, परत पलटतोय, परत पलटतोय, थांबायलाच तयार नाय. डोळ्यांतनं पानी. मी फोन बंद केला, त्याचा हात दाबून धरला. हात माझ्या हातात लय येळ हालत ऱ्हायला.

दोस्ताला सांगितलं. तो बोलला, "मावशी, गान्याचे दोन तुकडे करून देतो. जागेवर आपोआप थांबंल. तुमी बसायची गरज नाय."

मी इचार केला. त्याचं खरं हाय, मी गेल्यावर लागंल ते. "करून ठेव," मी बोलली, "पन फोनात आत्ता घालू नको. मी हाय तवर थांबवते."

आता नळ आला तरी उठत नाय. शेजारीन दारातनं आरडते, "म्हातारे, पानी गेलं गो!"

मी हात हालवते, जा बोलते. जागा यायची असते.