पोत्यात अर्धा किलो कमी

"सॉफ्टवेअरमध्ये काही प्रॉब्लेम नाही," मी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं. "वजनाच्या भागातली एकही ओळ आम्ही बदललेली नाही."

"मॅडम, हे लेखी देता का?" पलीकडून काळे साहेबांनी विचारलं. ते हिंगण्यातल्या एका पशुखाद्याच्या कारखान्याचे प्लांट मॅनेजर. तिथली ढेपेची, म्हणजे गुरांच्या पेंडीची, पोती आमच्या सॉफ्टवेअरवर भरली जातात. पोतं पन्नास किलोचं, पण आठवडाभर ते अर्धा किलो कमी भरत होतं आणि डीलर माल परत पाठवत होते.

मी लगेच मेल पाठवला, तोही तोऱ्यात. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्याच मेलची प्रिंट जोडून मशीनवरच्या ऑपरेटरला मेमो दिलाय. शेंडेभाऊ वीसेक वर्षं त्या एकाच मशीनवर आहेत. सॉफ्टवेअर बरोबर म्हणजे माणूस चुकला, असा सरळ हिशेब. तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर सस्पेन्शन.

त्या दिवशी डब्यातला घास गोड लागेना. कारण अपग्रेड झाल्यावर पहिल्याच दिवशी शेंडेभाऊंनी मला फोन केला होता. "मॅडम, मशीन लय घाई करून राहिली," ते म्हणाले होते. मी हसून म्हटलं, "भाऊ, नवीन कॉम्प्युटर आहे, फास्ट तर असणारच." आणि फोन ठेवून दिला. ही गोष्ट मी ऑफिसात कोणालाच सांगितली नव्हती.

आता अपग्रेड म्हणजे काय केलं होतं, ते सांगते. कारखान्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर आमचा जुना प्रोग्राम चालेना. म्हणून तोच प्रोग्राम मी नव्या कंपायलरमधून काढला. आपण लिहिलेलं मशीनला कळेल अशा भाषेत उतरवून देतो, तो कंपायलर. त्याने पहिल्या दिवशी शंभरावर एरर दाखवले. पंधरा दिवस खपून मी एकेक दुरुस्त केला. वजनाच्या भागात मात्र एकही एरर नव्हता, म्हणून तो मी उघडूनही पाहिला नाही. ऑफिसात काट्यावर लोखंडी वजनं ठेवून टेस्ट घेतली. आकडे चोख आले.

खुर्चीत बसवेना. धरमपेठेतल्या ऑफिसातून गाडी काढली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि भर उन्हात हिंगणा गाठलं.

शेंडेभाऊ मशीनपाशीच होते. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ, घाई म्हणजे नेमकं काय होतं?"

"आता विचारून राहिले तुम्ही?" ते म्हणाले. मग स्वतःच पुढे आले. "पहिले माल सोडाचं गेट बंद झालं का मशीन जराशी दम घ्याची. ढेप पोत्यात बसू द्याची, मंग वजन पाहाची. कमी असलं त अजून थोडी सोडाची. आता माल पडता पडताच वजन घेऊन राहिली. पडत्या मालाचं वजन जास्तच दाखवन न!"

"हे साहेबांना नाही सांगितलं?"

"सांगितलं न. साहेब म्हणे, मॅडमनं लिहून देल्लं, सॉफ्टवेअर बराबर आहे. मंग मी कोनाले सांगू?"

तिथेच पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप उघडला आणि मशीन थांबते ती जागा शोधली. जुन्या कोणीतरी तिथे लिहून ठेवलं होतं: एकपासून अमुक लाखांपर्यंत मोज, बाकी काही करू नकोस. लपाछपीत राज्य असलेलं पोर डोळे मिटून मोजतं, तसंच हे. आकड्यांशी देणंघेणं नाही, तेवढा वेळ जावा एवढंच. नवा कंपायलर हुशार. या मोजण्यातून काही निघत नाही असं पाहून त्याने ते गुपचूप काढून टाकलं. त्याच्या दृष्टीने ती चूकच नव्हती, मग एरर कशाला दाखवेल? आणि माझी लोखंडी वजनं काट्यावर जागची हलत नव्हती, त्यामुळे थांबायची गरज ऑफिसात कधी पडलीच नाही.

मोजणं काढून 'दोन सेकंद थांब' असं स्पष्ट लिहिलं. पुढचं पोतं पन्नास किलो भरलं. शेंडेभाऊंनी ते उचलून दुसऱ्या काट्यावर नेलं आणि स्वतः खात्री केली. बरोबरच केलं.

मी बोंडे सरांना, म्हणजे माझ्या बॉसला, फोन लावला.

"झालं न? मग सांगून दे, सेन्सरची सेटिंग केली म्हणून," ते म्हणाले.

"आणि शेंडेभाऊंचा मेमो?"

"पोती बरोबर भरली की मेमो आपोआप थंड होतो. त्यांच्या अजून दोन मशीनचं काम मिळायचं आहे आपल्याला. तू काहून आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून राहिली?"

मला संताप आला. सरांचा थोडा आणि स्वतःचा जास्त. शेंडेभाऊंना घेऊन मी काळे साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमचा मेल चुकीचा होता?"

"हो. आणि यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. शेंडे, मेमो विसरून जा."

"साहेब, मेमो कागदावर देल्ला," शेंडेभाऊ म्हणाले. "मांगंही कागदावरच घ्या."

साहेबांनी पत्र टाइप करून दिलं. तांत्रिक कारणामुळे वजनात फरक आला, सबब मेमो रद्द. शेंडेभाऊंनी ते सावकाश वाचलं.

"तांत्रिक म्हंजे कोन?" त्यांनी विचारलं.

मी पत्र मागून घेतलं. खाली पेनने लिहिलं, 'चूक ऑपरेटरची नव्हती, माझ्या टेस्टिंगची होती', आणि सही केली. त्यांनी तेही वाचलं, कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मशीनकडे निघून गेले. शिफ्ट संपायला अजून वेळ होता.

बोंडे सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढे त्या दोन मशीनचं काम आम्हालाच मिळालं, पण अट घालून: टेस्टिंग खऱ्या ढेपेवर, आणि शेंडे हो म्हणतील तेव्हाच मशीन चालू.

अपग्रेड केल्यावर कंपायलर ज्या भागाबद्दल चकार शब्द काढत नाही, तो भाग आता मी आधी उघडते. आणि काही लेखी देण्याआधी जागेवर जाऊन येते. धरमपेठेहून हिंगणा काही फार लांब नाही.