आईच्या फोनवरची अक्षरं

आईचे कान गेले ते एका तापात. ताप उतरला, ऐकू येणं मात्र परत आलं नाही. तेव्हा ती साठीच्या आसपास होती आणि वसईजवळ उमेळ्याच्या घरी पडवीत मशीन मांडून गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवत होती. कानामागचं यंत्र आणून पाहिलं, पण त्याने नुसता आवाज वाढायचा, शब्द कळायचे नाहीत. "कोणीतरी भांडी आपटतंय असं वाटतं," असं म्हणून तिने ते कपाटात टाकलं. गिऱ्हाइकं काही दिवस खाणाखुणा करून, ओरडून सांगत राहिली. पण गळा मागून किती खोल हवा ते रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला कोणत्या बाईला आवडेल? हळूहळू बायका यायच्या थांबल्या. आई मशीनवर पांघरूण घालून बागेत दादाच्या मागे मागे फिरायला लागली.

मी लग्नानंतर वसई रोडला फ्लॅटमध्ये राहते. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की उमेळ्याला जेवायला जाते. नाताळात मीच आईला स्मार्टफोन घेऊन दिला होता, निदान लिहून तरी बोलता येईल म्हणून. ती मेसेज वाचायची, उत्तरंही द्यायची, पण माणूस समोर बसलेला असताना त्याने बोटांनी टाइप करत बसायचं हे काही जमणारं नव्हतं. दोन वाक्यांनंतर लोक कंटाळायचे आणि "काही नाही, काही नाही" असा हात हलवायचे. त्या हात हलवण्याचा आईला फार राग यायचा.

दोनेक वर्षांनी फोनच्या कंपनीने जाहीर केलं की समोरचा माणूस बोलेल ते लगेच पडद्यावर लिहून दाखवणारी सोय येणार आहे, मराठीतसुद्धा. आधी चाचणीसाठी थोड्या लोकांना मिळणार होती. मी आईचा फोन नोंदवला आणि विसरून गेले. एका रविवारी तिच्या फोनवर ती सोय आलेली दिसली. मी कोणालाच काही न सांगता फोन जेवणाच्या टेबलावर ग्लासाला टेकवून ठेवला.

दादा भात कालवत म्हणाला, "आज कालवणात मीठ कमी आहे."

पडद्यावर अक्षरं उमटली. आईने ती वाचली. चष्मा सरळ करून पुन्हा वाचली. मग दादाकडे बघून म्हणाली, "मीठ बरोबर आहे. तुझीच जीभ बिघडलीय."

मग वहिनी हसायला लागली, दादा हसायला लागला आणि त्या हसण्यात मी पटकन पाणी आणायला म्हणून आत गेले, कारण मला रडू येत होतं.

एक अडचण मात्र होती. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो आणि फोनला ती बोली कळत नव्हती. वाक्याचं भलतंच काहीतरी व्हायचं. म्हणून सगळे पुस्तकातल्यासारखं बोलायला लागले. "आई, मी बागेत जात आहे," असं दादा दारात उभा राहून म्हणायचा आणि आई पोट धरून हसायची. "परीक्षेला बसल्यासारखा बोलतोस," म्हणायची. ती त्या सोयीला नुसतं 'अक्षरं' म्हणायची. अक्षरं लाव, अक्षरं बंद कर.

मशीनवरचं पांघरूण निघालं. फोन मशीनच्या लाकडी फळीवर उभा असायचा, गिऱ्हाईक हळू आवाजात सांगायचं आणि आई मान हलवत कापडावर खडूने खूण करायची. मी त्याचा एक व्हिडिओही काढला, नवऱ्याला दाखवायला. त्यात शेजारची बाई म्हणते, "बाही कोपरापर्यंत, पण दंडाला घट्ट नको," आणि आई वाचून म्हणते, "मागच्या वेळी तूच घट्ट मागितली होतीस." चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर फोन मांडीवर घेऊन बसायला लागली. एका रविवारी तिने फादरांना दारात गाठून प्रवचनातल्या एका मुद्द्यावर वाद घातला. फादर इतके खूश झाले की ते हरले तरी त्यांना काही वाटलं नाही.

मग चाचणी संपली आणि खरी आवृत्ती आली. ऑफिसमध्ये असताना मला आईचा मेसेज आला: "अक्षरं गेली."

संध्याकाळी जाऊन बघितलं. जिथे ती सोय होती तिथे एक ओळ होती, ही सुविधा आपल्या उपकरणावर उपलब्ध नाही. बाकी सगळं अपडेट नीट आलं होतं. नवे रंग, नवी चित्रं, नवा आवाज. फक्त तिला हवं होतं ते नव्हतं.

मी फोन घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, ही सोय नवीन मॉडेललाच आहे. या फोनची ताकद कमी पडते."

"पण याच फोनवर चालत होती. महिनाभर तरी चालली."

"ट्रायलमध्ये होतं असं कधी कधी." तिने शेजारच्या काचेच्या पेटीकडे हात केला. "नवीन मॉडेलमध्ये एकदम मस्त चालते. जुना फोन देऊन सूट पण मिळेल."

तिचा काही दोष नव्हता. तिला सांगितलेलं ती सांगत होती. मी घरी आले.

दादा म्हणाला, "घेऊन टाक नवीन. आपण दोघं मिळून घेऊ. तिचे हाल कशाला?" माझंही मन तिकडेच झुकत होतं. मी आईला सगळं टाइप करून दाखवलं. तिने वाचलं आणि विचारलं, "माझा फोन बिघडलाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"अक्षरं यावर चालत होती. आपण सगळ्यांनी बघितली."

हो.

"मग त्यांनी काढून घेतली. नवीन घ्यायला लावायला." तिने फोनच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "उद्या त्या नवीन फोनवरनं पण काढून घेतील. मी नाही घेणार."

मी तिला समजावायचा प्रयत्न केला, पण आईने फोन उलटा करून ठेवला. म्हणजे बोलणं संपलं.

तिच्या हट्टाने मीही पेटले. कंपनीला ईमेल केले. प्रत्येक वेळी तेच उत्तर यायचं, गोड आणि पोकळ, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. मी शेजारच्या बाईला विचारून तो बाहीचा व्हिडिओ त्या फोनच्या वापरकर्त्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लोक लिहायला लागले. कोणाचे वडील, कोणाची बायको, कोणी स्वतः. सगळ्यांचा तोच फोन, सगळ्यांची तीच गोष्ट: होती, चांगली चालत होती, गेली. मग मी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. तक्रारदार म्हणून माझं नाव घालत होते तर आईने थांबवलं. "कान माझे, फोन माझा. माझं नाव घाल."

काही महिन्यांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोड होते का बघायचं ठरलं. आईने त्या दिवशी नाताळची साडी नेसली. आम्ही गेलो तर लांब टेबलाच्या एका बाजूला कंपनीचा एक अधिकारी आणि त्यांचे वकील बसले होते. मधल्या खुर्चीवर मध्यस्थ म्हणून नेमलेल्या बाई होत्या, केस पिकलेल्या, फार कमी बोलणाऱ्या.

अधिकाऱ्याने पिशवीतून एक नवा कोरा खोका काढला. त्यातला फोन चालू केला, अक्षरांची सोय लावली आणि आईसमोर उभा करून ठेवला. माणूस सभ्य होता. वाकून म्हणाला, "आजी, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला वाईट वाटतं. हा नवीन फोन कंपनीकडून तुम्हाला भेट. तक्रार मागे घेतली की विषय संपला."

पडद्यावर सगळं स्वच्छ उमटलं. इतक्या महिन्यांनी आई माणसाचं बोलणं वाचत होती. मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. ती घेईल असंच मला वाटलं, आणि घेतला असता तर मी तिला एका शब्दानेही अडवलं नसतं.

तेवढ्यात वकिलांनी अधिकाऱ्याकडे झुकून काहीतरी विचारलं आणि अधिकाऱ्याने तोंडावर हात धरून उत्तर दिलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मध्यस्थ बाई कागद चाळत होत्या.

आईला ऐकू येत नसल्याने ती नेहमी मोठ्याने बोलते. त्याच आवाजात ती पडद्यावरचा एकेक शब्द लावून वाचायला लागली. "जुन्यावर... खरंच... चालत नाही का." मग पुढची ओळ. "चालतं सर. वरून बंद ठेवलंय. नाहीतर नवीन कोण घेईल."

मध्यस्थ बाईंनी कागद खाली ठेवले. "हे तुम्ही बोललात?" त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं.

तो लाल झाला. "मॅडम, हा फोन कधी कधी चुकीचं पण लिहितो."

तेही उमटलं. आईने तेही वाचलं आणि फोन बोटाने त्याच्याकडे सरकवला. "चुकीचं लिहितो तर मला कशाला देतोस, बाबा?"

वकिलांनी मान खाली घातली. मला अजूनही वाटतं की ते हसत होते.

मध्यस्थ बाईंनी फोन पुन्हा आईकडे वळवला आणि हळू, स्पष्ट आवाजात विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

"माझी अक्षरं माझ्या फोनवर हवीत," आई म्हणाली. "आणि माझ्यासारखा फोन ज्यांच्याकडे आहे त्यांच्या पण. माझ्या लेकीला त्यांनी लिहिलंय. माझ्या एकटीचं घेऊन मी घरी कशी जाऊ?"

अधिकारी बाहेर जाऊन बराच वेळ कोणाशी तरी फोनवर बोलत राहिला. त्या दिवशी काही ठरलं नाही. पण पुढच्या बैठकीला कंपनीकडून दुसरेच दोघे आले, आणि त्यांनी लिहून दिलं की ही सोय आईच्या मॉडेललाही पुढच्या अपडेटमध्ये देऊ, सर्वांना. कारण म्हणून 'तांत्रिक सुधारणा' असं काहीतरी लिहिलं होतं. मी ते आईला दाखवलं. "लिहू दे त्यांना काय हवं ते," ती म्हणाली. "देताहेत ना?"

आणि त्यांनी दिली. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, तेव्हा आईने पडद्याचा फोटो पाठवला. त्यावर दादाचं वाक्य होतं: आई, चाफ्याला पाणी सोडलंस का. मीटिंगमध्ये मी जागेवरून उठून उभी राहिले. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "आम्ही जिंकलो." कोणाला काही कळलं नाही, पण दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

ग्रुपवर तर दिवाळी होती. कुठल्या कुठल्या गावचे लोक आपापल्या पडद्यांचे फोटो टाकत होते. सगळी वाक्यं साधी. जेवायला ये. दार लाव. गोळी घेतली का. मी ते फोटो आईला एकेक करून दाखवले. ती प्रत्येक फोटोवर थांबायची, वाक्य वाचायची आणि विचारायची, "ही कोण?" जणू तिच्या नात्यातलंच कोणी असावं.

त्यानंतर लोक घरी यायला लागले. वसईतले, आगाशीहून बसने आलेले, कोणाला सोय सापडत नव्हती, कोणाला मराठी लावता येत नव्हतं. आई त्यांना पडवीत बसवून स्वतः लावून द्यायची. चहा वहिनीकडे.

एकदा गोखिवऱ्याहून एक आजोबा आले. तिथल्याच कारखान्यात आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात काम करून त्यांचे कान गेले होते. सोबत सून होती, थकलेली, पण मोकळी बोलणारी. आईने त्यांच्या फोनवर अक्षरं लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि तोवर सून माझ्याकडे वळून सांगायला लागली, "काय सांगू ताई, फार हट्टी आहेत. औषध घ्या म्हटलं की बघतात दुसरीकडे. मला तर वाटतं, ऐकू येत नाही हे निम्मं सोंगच आहे."

आजोबा फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होते. वाचून झालं. त्यांनी फोन खाली केला, सुनेकडे बघितलं.

"निम्मं नाही," ते म्हणाले. "थोडंसंच."

सुनेने तोंडावर हात घेतला. आई त्यांच्या खांद्याशी वाकून तेच वाचत होती, आणि पडवीत सगळ्यांत आधी हसली ती आईच.